अपूर्णाचा स्वीकार : मराठी ख्रिस्ती वाङ्मयातील उत्तरायुष्य
(लक्ष्मीबाई टिळक यांच्या विशेष संदर्भात)

१. विषयाची मांडणी

लक्ष्मीबाई टिळक यांचे ‘स्मृतिचित्रे’ पदव्युत्तर वर्गात शिकवताना एक अडचण वारंवार जाणवते. विद्यार्थी या ग्रंथावर प्रेम करतात. त्यातील विनोद, संवाद, घरगुती प्रसंग त्यांच्या सहज लक्षात राहतात. परंतु ज्या वयात आणि ज्या अवस्थेत हा ग्रंथ लिहिला गेला त्याविषयी परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत एखाद्या वाक्यापलीकडे काही आढळत नाही. लक्ष्मीबाईंच्या नावावरचा दुसरा मोठा ग्रंथ, म्हणजे ‘ख्रिस्तायन’, हा तर बहुतेकांनी पाहिलेलाही नसतो. परिणामी एका वृद्ध विधवेने सहज सांगितलेल्या आठवणी, असे ‘स्मृतिचित्रे’चे काहीसे भाबडे रूप वर्गात रूढ होते, आणि लेखिकेची धर्मश्रद्धा ही केवळ चरित्राची पार्श्वभूमी म्हणून बाजूला पडते.

प्रस्तुत लेखात या प्रश्नाकडे वेगळ्या बाजूने पाहण्याचा प्रयत्न केला आहे. मराठी ख्रिस्ती वाङ्मयातील काही महत्त्वाचे ग्रंथ त्यांच्या कर्त्यांच्या उत्तरायुष्यात सिद्ध झाले, हा केवळ योगायोग मानावा काय? आपल्या परंपरेने उत्तरायुष्यासाठी वानप्रस्थ व संन्यास हे दोन आश्रम नेमून दिले. त्यांचा कल निवृत्तीकडे, हातातले सोडून देण्याकडे आहे. उलट येथे विचारात घेतलेल्या व्यक्तींनी त्या वयात नवे व प्रचंड काम हाती घेतलेले दिसते. ते पुरे होईल अशी कोणतीही हमी त्यांच्यापाशी नव्हती. पूर्णतेची हमी नसताना केलेला हा आरंभ त्यांच्या श्रद्धेचे खरे वाङ्मयीन लक्षण होय, असे येथे सुचवायचे आहे.

२. पूर्वपीठिका : फादर स्टीफन्स

या परंपरेच्या आरंभी फादर थॉमस स्टीफन्स उभे आहेत. इंग्लंडमध्ये जन्मलेला हा जेझुइट धर्मोपदेशक १५७९ मध्ये गोव्यास आला आणि पुढची चाळीस वर्षे, १६१९ मध्ये देह ठेवीपर्यंत, प्रामुख्याने साष्टी प्रांतात राहिला. ‘ख्रिस्तपुराण’ राचोल येथे १६१६ मध्ये मुद्रित झाले. त्याची ओवीसंख्या अकरा हजारांच्या घरात जाते. स्टीफन्सचा जन्म १५४९ च्या सुमाराचा मानला जातो. म्हणजे ग्रंथ प्रसिद्ध होताना त्याचे वय पासष्टीच्या पुढे होते आणि त्यानंतर तीनच वर्षांनी तो निवर्तला.

परकी भाषा प्रौढपणी शिकायची, तिच्यात दशके मुरायचे आणि मग त्या भाषेच्या सर्वांत जुन्या, लोकमान्य छंदात पुराण रचायचे, हा क्रम मुळातच दीर्घ आयुष्याची अपेक्षा धरतो. हा ग्रंथ तरुणपणी लिहिला जाऊच शकला नसता, कारण ओवी कानात बसायला काळ लागतो. तेव्हा उत्तरायुष्याला शक्ती ओसरल्याचा काळ न मानता भाषा परिपक्व झाल्याचा काळ मानावे लागते. हे सूत्र पुढील विवेचनास उपयोगी पडेल.

३. नारायण वामन टिळक : संन्यास आणि दरबार

या विषयाला आपल्या भागाचा एक अगदी निकटचा संदर्भ आहे. नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) काही काळ नागपुरात अप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने ग्रंथकार्य करीत होते. तेथून राजनांदगाव संस्थानात नोकरीसाठी जात असताना आगगाडीच्या डब्यात त्यांना एक युरोपीय प्रवासी भेटला. दोघांत काव्याविषयी बोलणे झाले. निरोप घेताना त्या गृहस्थाने नव्या कराराची प्रत त्यांना दिली आणि दोन वर्षांच्या आत आपण ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले, असे टिळकांच्या चरित्रात येते. हा प्रसंग १८९३ च्या सुमाराचा. नागपूरहून राजनांदगावकडे जाणारा तो लोहमार्ग त्या वेळच्या भंडारा जिल्ह्यातून जातो. भंडारा रोड, तुमसर रोड, गोंदिया ही त्यावरची स्थानके. (गोंदिया हा स्वतंत्र जिल्हा १९९९ मध्ये झाला.) मराठी काव्याच्या इतिहासातील एका निर्णायक वळणाचा रस्ता आपल्या धानाच्या बांध्यांमधून गेला आहे, याची आठवण या जिल्ह्यातील अभ्यासकांनी ठेवण्यासारखी आहे.

मात्र या प्रसंगाचे महत्त्व प्रादेशिक अभिमानापुरते नाही. ज्याने ते पुस्तक दिले त्याचे नाव कोणालाही कळले नाही. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला हे त्याला समजले असेल असे मानण्यास आधार नाही. एकाने आरंभ करावा आणि त्याची परिणती दुसऱ्याच्या आयुष्यात व्हावी, हा जो आकृतिबंध पुढे टिळक कुटुंबाच्या वाङ्मयीन इतिहासात पुन्हा पुन्हा येतो, त्याचे पहिले दर्शन येथेच घडते.

टिळकांच्या उत्तरायुष्यातील निर्णायक वर्ष १९१७ हे होय. तोवर ते अमेरिकन मराठी मिशनचे सेवक, ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादक आणि ख्रिस्ती समाजाचे मान्य कवी होते. त्या वर्षी, वयाच्या पंचावन्नाव्या-छपन्नाव्या वर्षी, त्यांनी मिशनचा राजीनामा देऊन संन्यास घेतला आणि सातारा येथे ‘देवाचा दरबार’ या कल्पनेला मूर्त रूप देण्याचा प्रयत्न केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे सर्व ख्रिस्तभक्त एका बंधुभावात यावेत, पाश्चात्त्य मिशनच्या चौकटीबाहेर, भारतीय भक्तिमार्गाच्या वळणाने ख्रिस्ताची उपासना व्हावी, ही त्यामागची भूमिका होती. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशी ज्याची धारणा होती त्या कवीने उत्तरायुष्यात संन्याशाचा वेष पत्करावा यात विसंगती नाही.

हा संन्यास मात्र आश्रमव्यवस्थेतील संन्यासाहून भिन्न होता. टिळकांनी सोडले ते वेतन व पद. संसार आणि समाज यांपासून ते दूर गेले नाहीत. हा संन्यास लोकांत शिरण्यासाठी होता. परंतु त्याला आयुष्य लाभले नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळकांचे निधन झाले. दरबाराला जेमतेम पावणेदोन वर्षे मिळाली. ही कल्पना त्यांच्या व्यक्तिमत्त्वाशी इतकी जखडलेली होती की त्यांच्यामागे तिला त्याच तेजाने पुढे नेणारे कोणी उरले नाही. टिळकांनी हाती घेतलेल्या दोन मोठ्या गोष्टी त्यांच्या मृत्यूसमयी अर्धवट होत्या : एक दरबार आणि दुसरे ‘ख्रिस्तायन’. पहिली विरून गेली, दुसरी पुरी झाली. या भेदाचे कारण शोधणे उद्बोधक ठरते.

४. पंडिता रमाबाई : भाषांतराची तपश्चर्या

त्याआधी पंडिता रमाबाईंच्या (१८५८–१९२२) उत्तरायुष्याकडे दृष्टी टाकणे आवश्यक आहे. सामान्यतः रमाबाईंचे नाव शारदा सदन (१८८९) आणि केडगावचे मुक्ती मिशन यांच्याशी जोडले जाते. १८९६–९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी निराधार मुली व विधवा यांना आश्रय दिला, हेही सुपरिचित आहे. वाङ्मयाच्या अभ्यासकाने लक्ष द्यावे असा त्यांचा शेवटचा उद्योग मात्र उपेक्षित राहिला. वयाच्या पंचेचाळिशीनंतर त्यांनी हिब्रू व ग्रीक या भाषा हस्तगत केल्या आणि संपूर्ण बायबलचे मुळावरून मराठी भाषांतर करण्याचे काम अंगावर घेतले. प्रचलित भाषांतराची संस्कृतप्रचुर भाषा खेड्यातील अल्पशिक्षित स्त्रीला कळत नाही, हे त्यामागचे कारण होते.

येथे एक विरोधाभास दिसतो. ज्या बाईला संस्कृत विद्येसाठी ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ हे किताब मिळाले, तिने उत्तरायुष्यात आपली विद्वत्ता विद्वत्ता लपवण्यासाठी खर्च केली. भाषा सोपी व्हावी म्हणून दोन नव्या कठीण भाषा शिकाव्या लागल्या. १९२१ मध्ये त्यांची एकुलती कन्या व सहकारिणी मनोरमाबाई वारली. पुढील वर्षी, ५ एप्रिल १९२२ रोजी, रमाबाईंनीही देह ठेवला. संपूर्ण बायबल ग्रंथरूपाने १९२४ मध्ये बाहेर पडले. त्याची छपाई मुक्तीच्याच छापखान्यात, तेथील स्त्रियांच्या हातून झाली. ज्या स्त्रियांसाठी भाषांतर केले त्यांनीच खिळे जुळवून ते पुरे केले. भाषांतरकर्तीला तयार ग्रंथ हाती घेता आला नाही. परंतु तो कोणाच्या हातून पुरा होणार हे तिने आधीच घडवून ठेवले होते.

५. लक्ष्मीबाई : ‘ख्रिस्तायना’ची परिपूर्ती

आता लक्ष्मीबाईंकडे (१८६८–१९३६) येऊ. १८८० मध्ये, बालवयातच, त्यांचा विवाह झाला. शाळेचे शिक्षण त्यांना मिळाले नव्हते. पतीच्या धर्मांतरानंतर काही वर्षे त्या विभक्त राहिल्या, पुढे एकत्र आल्या आणि सोवळे-ओवळे, जातिभेद यांचा स्वतःशी दीर्घ झगडा करून १९०० मध्ये स्वतःच्या निर्णयाने ख्रिस्ती झाल्या. अनाथ मुलांना घरात सामावून घेणे, बालकवी ठोमरे यांच्यासारख्या तरुण कवीला घरचा ओलावा देणे, हे सारे टिळकांच्या हयातीतले. या काळात त्यांची ओळख ‘टिळकांची पत्नी’ अशीच होती.

१९१९ मध्ये, वयाच्या ५१ व्या वर्षी, त्या विधवा झाल्या. ज्या ब्राह्मण समाजात त्या जन्मल्या, त्या समाजात त्या काळी या वयाच्या विधवेपुढे कोणते आयुष्य होते, हे ‘स्मृतिचित्रे’च्या वाचकाला वेगळे सांगायला नको. माजघराचा कोपरा, पोथी, नातवंडे आणि दुसऱ्याच्या इच्छेने चालणारा दिवस. श्रद्धेने लक्ष्मीबाईंना दिलेली पहिली गोष्ट हीच की त्यांचे वैधव्य सामाजिक मरण ठरले नाही. सांत्वन ही नंतरची गोष्ट. आधी त्यांना उभे राहण्यास जागा मिळाली. १९३३ मध्ये नाशिक येथील कविसंमेलनाच्या अध्यक्षस्थानी त्या बसल्या, ही घटना त्या जागेची सार्वजनिक खूण मानता येईल.

या जागेवर उभे राहून त्यांनी हाती घेतलेले काम थोडेथोडके नव्हते. टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ १९०९ मध्ये आरंभिले आणि पुढील दहा वर्षांत त्याचे सुमारे अकरा अध्यायच होऊ शकले. उरलेल्यांपैकी चौसष्ट अध्याय लक्ष्मीबाईंनी ओवीत रचले. अखेरचा अध्याय त्यांचे पुत्र देवदत्त यांनी लिहिला आणि ग्रंथ १९३८ मध्ये प्रसिद्ध झाला. ही संख्या नीट पाहिली पाहिजे. ‘टिळकांचे अपुरे काव्य पत्नीने पुरे केले’ असे म्हणण्याची रीत आहे. शहात्तर अध्यायांपैकी चौसष्ट अध्याय जिने लिहिले तिच्या बाबतीत ‘पुरे केले’ हे क्रियापद अपुरे पडते. वस्तुतः हा ग्रंथ लक्ष्मीबाईंचा आहे. त्याचा आरंभ टिळकांचा आणि अंत देवदत्तांचा आहे.

‘ख्रिस्तायना’च्या काव्यगुणांविषयी अतिशयोक्ती करण्याचे कारण नाही. त्यात सपाट कथनाचे पुष्कळ भाग आहेत. मूळ शुभवर्तमानाशी इमान राखण्याच्या दडपणाखाली कल्पनाशक्ती अनेकदा संकोचते. स्टीफन्सच्या ओवीची घनता येथे शोधू नये. परंतु ज्या बाईने अक्षरओळखही घरातच, कष्टाने करून घेतली, तिने पन्नाशीनंतर ज्ञानेश्वर-एकनाथांच्या छंदात चौसष्ट अध्याय रचावेत, ही घटना केवळ गुणदोषांच्या तराजूत घालून संपत नाही. दळण-कांडणाच्या ओवीचा कान तिला लहानपणापासून होता. स्टीफन्सला जी ओवी दशकानुदशके शिकावी लागली ती हिला वारशाने मिळाली होती. तो वारसा धर्मांतराने खंडित झाला नाही, उलट त्याला नवा विषय मिळाला.

६. ‘स्मृतिचित्रे’ : साधनातून ग्रंथाकडे

‘स्मृतिचित्रे’चा उगम याच वृत्तीत आहे. देवदत्तांना पित्याचे चरित्र लिहावयाचे होते आणि त्यासाठी त्यांनी आईकडे आठवणी मागितल्या. म्हणजे या लेखनाचा मूळ हेतू दुसऱ्याच्या ग्रंथाला साधन पुरवणे हा होता. साधन म्हणून सुरू झालेल्या या लेखनाने स्वतःचे रूप धारण केले, ते ‘संजीवनी’ नियतकालिकातून वाचकांपुढे आले आणि १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत ग्रंथबद्ध झाले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी लक्ष्मीबाई निवर्तल्या तेव्हा हा ग्रंथही त्यांच्या हातून पुरा झाला नव्हता. त्याची अखेरही पुत्राला सांभाळावी लागली.

या ग्रंथाच्या रचनेतील एक गोष्ट आपल्या प्रतिपादनाच्या दृष्टीने निर्णायक आहे. केवळ टिळकांच्या चरित्राची सामग्री म्हणून लिहावयाचे असते तर लेखन १९१९ मध्ये थांबावयास हवे होते. ते थांबत नाही. टिळकांच्या मृत्यूनंतरचे दिवस, मुलांचे संसार, कराचीचे वास्तव्य, हे सारे त्यात येते. चरित्रनायक गेल्यावरही ग्रंथ चालू राहतो, कारण तोपर्यंत कथन करणारी व्यक्ती स्वतःच त्याचे केंद्र झालेली असते. पुढची पाने लिहिताना लक्ष्मीबाईंनी ‘माझे आयुष्य अजून चालू आहे’ असे कोठे घोषित केलेले नाही. ते लेखनाच्या कृतीतूनच सिद्ध होते.

विनोदाचा प्रश्नही येथेच विचारात घ्यावा लागतो. टिळकांचा तापटपणा, घरातले होते-नव्हते दुसऱ्यास देऊन टाकण्याची वृत्ती, न सांगता निघून जाणे, हे सर्व लक्ष्मीबाई लपवत नाहीत. तरीही वाचकाच्या मनात टिळकांविषयी कटुता उरत नाही. याला ‘निरागसता’ म्हणणे ही समीक्षेची सोय आहे. सासऱ्याचा जाच, पतीने केलेला त्याग, समाजाची कुचेष्टा आठवून त्यावर हसू शकणारी साठीची बाई निरागस कशी असेल? हे हास्य क्षमेचे आहे, आणि क्षमा ही या लेखिकेच्या बाबतीत केवळ स्वभावाची गोष्ट नाही, ती तिच्या उपासनेचा भाग आहे. मागचे सत्य झाकावयाचे नाही आणि त्याचा हिशेबही मागावयाचा नाही, हा तोल तिच्या शैलीतच उतरला आहे. म्हणून श्रद्धा वगळून या शैलीचे विवेचन करता येत नाही.

७. एक आक्षेप

या प्रतिपादनावर एक गंभीर आक्षेप घेता येईल. पतीचे अर्धवट काव्य पुरे करणे, पतीच्या चरित्रासाठी आठवणी लिहिणे, हा पातिव्रत्याचाच नवा अवतार नव्हे काय? धर्म बदलला, परंतु स्त्रीचे उत्तरायुष्य पुन्हा पतीच्याच सेवेत गेले. स्त्रीवादी वाचनाने हा प्रश्न उपस्थित करणे रास्त आहे आणि त्याला झटपट उत्तर नाही.

तथापि दोन बाबी ध्यानात घ्याव्या लागतील. एक, पतीच्या नावाने सुरू झालेली दोन्ही कामे लक्ष्मीबाईंच्या हातात येताच आपले केंद्र बदलतात. एकात अध्यायांचे प्रमाण उलटते, दुसऱ्यात कथनाचा विषयच बदलतो. दोन, पतीनंतर लक्ष्मीबाईंनी दरबार चालवण्याचा आव आणला नाही. दरबाराला टिळकांचे व्यक्तिमत्त्व हवे होते, ‘ख्रिस्तायना’ला ओवी रचणारा कोणताही प्रामाणिक हात चालणार होता. जे काम व्यक्तीपेक्षा मोठे होते ते त्यांनी निवडले. या निवडीत आज्ञापालनापेक्षा विवेक अधिक दिसतो.

दुसरा, सूक्ष्म प्रश्न गीतेच्या कर्मयोगाविषयी निर्माण होतो. फळाची आशा न धरता कर्म करणे हे आपल्याला परके नाही. मग येथे वेगळे काय? भेद असा की निष्काम कर्मात कर्ता फळावरील आपला हक्क सोडतो. प्रस्तुत उदाहरणांत तो आपले अपुरे काम दुसऱ्याच्या हाती सोपवतो. पौलाच्या पत्रांतील एकाने लावावे व दुसऱ्याने पाणी घालावे हे रूपक त्याच आशयाचे आहे. आपल्या जिल्ह्यात त्यासाठी दूर जावे लागत नाही. पूर्वी कोहळी लोकांनी बांधलेल्या तलावांवर आजही धान पिकते. पाळ घालणाऱ्याने सगळी पिके पाहिली नाहीत, म्हणून पाळ व्यर्थ गेली असे कोणी म्हणत नाही.

८. निष्कर्ष

वरील विवेचनातून पुढील गोष्टी हाती येतात. पहिली, स्टीफन्स, टिळक, रमाबाई व लक्ष्मीबाई यांच्या उत्तरायुष्यातील कार्याचे माध्यम मुख्यतः मराठी भाषा हेच होते. त्यांनी धर्मसेवा व भाषासेवा वेगळ्या केल्या नाहीत. दुसरी, टिळक, रमाबाई आणि लक्ष्मीबाई या तिघांचेही काम त्यांच्या मृत्यूच्या वेळी अपुरे होते. उत्तरायुष्याला मिळालेला नवा हेतू म्हणजे कार्यसिद्धीचे आश्वासन नव्हते, अपूर्ण राहण्याची तयारी ठेवून केलेला आरंभ होता. तिसरी, जे काम दुसऱ्याच्या हाती सोपवता येण्याजोगे होते ते टिकले. एका व्यक्तीवर अवलंबून असलेले काम तिच्याबरोबर गेले.

अध्यापनाच्या दृष्टीने यातून एक व्यावहारिक सूचना निघते. ‘स्मृतिचित्रे’ अभ्यासाला असेल तेव्हा ‘ख्रिस्तायना’तील निदान एक लक्ष्मीबाईरचित अध्याय विद्यार्थ्यांसमोर ठेवावा. गद्यातील मोकळा, हसरा आवाज आणि ओवीतील संयत, कर्तव्यबद्ध आवाज हे एकाच बाईचे, एकाच कालखंडातले आहेत, हे कळल्यावर दोन्ही ग्रंथ बदलून दिसू लागतात. ‘स्मृतिचित्रे’तील सहजतेमागे चौसष्ट अध्यायांची शिस्त आहे, आणि ‘ख्रिस्तायना’तील शिस्तीमागे जगलेल्या, भोगलेल्या आयुष्याचा ओलावा आहे. लक्ष्मीबाईंच्या ओवीचा स्वतंत्र भाषिक अभ्यास, विशेषतः टिळकांच्या आरंभीच्या अध्यायांशी तिची तुलना, हा संशोधनासाठी विस्तृत विषय आहे. तो कोणी तरी हाती घ्यावा. एकाच अभ्यासकाकडून तो पुरा झाला नाही तरी हरकत नाही.